घेणाऱ्याचा मान

रस्त्याकडेच्या एखाद्या भिंतीवर खुंट्या ठोकायच्या, वर मोठ्या अक्षरांत ‘माणुसकीची भिंत’ असे रंगवायचे, आणि नको असेल ते ठेवा, हवे असेल ते न्या, एवढा एकच नियम जाहीर करायचा, हा उपक्रम गेल्या दशकात महाराष्ट्राच्या गावोगावी पोहोचला. त्याचा उगम इराणमधील मशहद शहरात २०१५ च्या हिवाळ्यात झाला. बेघरांना गरम कपडे मिळावेत म्हणून कोणा अज्ञात नागरिकाने भिंतीवर खुंट्या लावल्या आणि वर्ष उलटण्याच्या आत ती कल्पना भारतात आली. उत्तरेत तिला ‘नेकी की दीवार’ म्हणू लागले. मराठी मुलखात २०१६ च्या सुमारास कोल्हापूरसारख्या शहरांतून ती रुजली आणि यवतमाळ जिल्ह्यात पुसद येथेही याच नावाने काम उभे राहिले. दिवाळीच्या तोंडावर घराघरांतून उपसलेले कपडे, भांडी, पादत्राणे, दप्तरे, खेळणी अशा ठिकाणी येतात आणि पाहता पाहता निघून जातात.

या उपक्रमाकडे पाहण्याच्या दोन तऱ्हा रूढ झाल्या आहेत. वृत्तपत्रे त्याचे कौतुक करतात. समाजात अजून ओलावा शिल्लक असल्याचा दाखला म्हणून त्याची छायाचित्रे छापतात. उलट, परिवर्तनवादी चळवळीतील पुष्कळ कार्यकर्ते त्याला नाक मुरडतात. ही मलमपट्टी आहे, सुखवस्तूंच्या मनाचे समाधान आहे, मूळ विषमतेला यामुळे धक्का लागत नाही, असे ते म्हणतात. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य आहे. तथापि, खुंटीवरचा सदरा उतरवून घेणाऱ्या माणसाच्या बाजूने या प्रश्नाचा विचार दोघेही क्वचितच करतात. तो माणूस तेथे कोणत्या नात्याने येतो? याचक म्हणून, लाभार्थी म्हणून, की शेजारी म्हणून? उत्तर काय येते त्यावर या कामाचे मोल ठरेल, आणि भिंतीऐवजी शेजाऱ्यांनीच मिळून चालवलेले दुकान उभे करावे की नाही, याचा निर्णयही त्यावरच होईल.

उतरलेल्या वस्त्रांना भारतात एक इतिहास आहे, आणि तो सुखाचा नाही. सेवक म्हणून राबणाऱ्या शूद्राला उरलेले अन्न व जीर्ण झालेली वस्त्रे द्यावीत, अशी व्यवस्था मनुस्मृतीने घालून दिली. गावगाड्यात तिचे रूप असे होते की, महाराच्या हक्कांमध्ये मेलेले जनावर होते, दारोदार फिरून मिळवलेली शिळी भाकर होती आणि मयताच्या अंगावरचे वस्त्रही होते. त्याला ‘हक्क’ म्हणत. प्रत्यक्षात तो अपमानाचा वारसा होता. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्टे अन्न सोडण्याचे आवाहन केले. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये, मनुस्मृतीचे दहन झाले त्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी, जमलेल्या स्त्रियांना त्यांनी नेसण्याची जुनी रीत आणि जातीची खूण सांगणारे दागिने टाकून देण्यास सांगितले. अंगावर काय घालावे हा तेथे स्वातंत्र्याचा प्रश्न झाला होता. फाटके चालेल, पण दुसऱ्याने टाकलेले नको, हा स्वाभिमान त्या चळवळीने लाखो घरांत पेरला. विदर्भात, जेथे १९५६ च्या ऑक्टोबरात नागपूरला धम्मदीक्षा झाली, तेथे तर तो स्वाभिमान घराघराच्या पायात चिणलेला आहे.

म्हणून यवतमाळच्या एखाद्या वस्तीत चांगल्या हेतूने जुन्या साड्यांचे गाठोडे घेऊन गेलेल्या कार्यकर्त्याला दारात थंड स्वागत मिळाले, तर त्याने ते कृतघ्नतेचे लक्षण समजू नये. आजी नकार देते त्यामागे तीन पिढ्यांची स्मृती असते. देणाऱ्याला आपले औदार्य दिसते. घेणाऱ्याला त्या गाठोड्यात वेशीबाहेर ठेवलेले गाठोडे दिसते. वस्तू तीच, पण तिच्या प्रवासाची वाट जुनी राहिली, वरून खाली, सवर्ण आळीकडून वस्तीकडे, तर अर्थही जुनाच राहतो. ही वाट बदलल्याशिवाय भिंतीवर माणुसकीचा कितीही रंग चढवला तरी फरक पडणार नाही.

यवतमाळ जिल्ह्याच्या बाबतीत तर या प्रश्नाला आणखी एक धार आहे. हा कापसाचा जिल्हा. येथील काळ्या जमिनीतला कापूस मुंबईकडे आणि तेथून मँचेस्टरकडे नेता यावा म्हणून परकीय भांडवलाने यवतमाळ ते मूर्तिजापूर अशी अरुंद लोहमार्गाची ‘शकुंतला’ रेल्वे घातली होती. स्वातंत्र्यानंतर गिरण्यांचे मालक बदलले, कापसाचा प्रवास बदलला नाही. याच जिल्ह्यातील गहुलीचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९७२ मध्ये राज्याने कापूस एकाधिकार खरेदी योजना आणली. व्यापाऱ्याच्या काट्यातून शेतकऱ्याला सोडवण्याचा तो मोठा प्रयोग होता. पुढे थकलेली चुकती, भ्रष्ट प्रतवारी आणि वाढता तोटा यांच्या भाराखाली तो मोडला, आणि शेतकरी पुन्हा खुल्या बाजारात उभा राहिला. त्यानंतरची कथा सर्वश्रुत आहे. २००६ च्या उन्हाळ्याअखेर तत्कालीन पंतप्रधान विदर्भात आले आणि आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत त्यांनी जाहीर केली. त्या सहांत यवतमाळ होते. मदतीनंतरही आत्महत्या थांबल्या नाहीत.

ज्या वावरात वस्त्राचा धागा उगवतो त्या वावरातल्या वेचणीकरणीच्या अंगावर शहरातून उतरलेली साडी असावी, हा योगायोग नव्हे. कच्चा माल स्वस्तात जायचा आणि पक्का माल महागात यायचा, या जुन्याच व्यवहाराचे ते शेवटचे टोक आहे. आफ्रिकेतील काही देशांनी हे टोक ओळखले होते. पूर्व आफ्रिकेत युरोप-अमेरिकेच्या वापरलेल्या कपड्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे येऊन पडतात आणि तेथील कापडधंद्याला डोके वर काढू देत नाहीत. म्हणून रवांडाने २०१६ पासून अशा कपड्यांवरचे आयातशुल्क वाढवले. त्याची शिक्षा म्हणून २०१८ मध्ये अमेरिकेने त्या देशाच्या तयार कपड्यांना दिलेली करसवलत काढून घेतली. म्हणजे टाकलेला कपडा स्वीकारण्यास नकार देणे हासुद्धा जागतिक व्यापारात गुन्हा ठरतो! पुसदच्या भिंतीवरचा सदरा या हिशेबात अगदी लहान आहे हे खरे, परंतु दारिद्र्याची सोय करणे आणि दारिद्र्य निर्माण करणे ही दोन कामे एकाच व्यवस्थेत गुण्यागोविंदाने कशी नांदतात, हे कळायला तो पुरेसा आहे.

कपड्याचा प्रश्न येथे केवळ लाज झाकण्याचा नाही, जिवाचाही आहे. २०१७ च्या पावसाळ्याअखेर यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. डोक्याइतक्या वाढलेल्या पऱ्हाटीत, दमट उकाड्यात, अंगात जुना विटका सदरा आणि तोंडाला बांधलेला रुमाल एवढ्याच संरक्षणावर माणसे विष फवारत होती. कीटकनाशकांसंबंधीच्या १९७१ च्या नियमांत संरक्षक वस्त्रांची तरतूद केली गेली होती; ती कागदावर राहिली. आता कल्पना करावी की, एखाद्या सेवाभावी मंडळाने पुढच्या हंगामात फवारणीसाठी पूर्ण बाह्यांचे जुने सदरे गोळा करून वाटले. हेतू कितीही निर्मळ असो, त्या वाटपाने घात होईल. सुती सदरा विष शोषून घेतो आणि अंगाला चिकटवून ठेवतो. आणि त्याहून वाईट म्हणजे, हातमोजे, मुखवटा व अभेद्य कपडा देण्याची जबाबदारी ज्यांची आहे, त्या उत्पादकांना, विक्रेत्यांना, जमीनमालकांना आणि सरकारला मोकळे रान मिळते. शेजाऱ्यांच्या दुकानाने कोठे थांबावे, याची सीमारेषा येथे स्पष्ट दिसते. जे हक्काने मिळायला हवे ते दानात मिळवून देण्याची चूक त्याने कधीही करू नये. अशा वेळी दुकानाच्या दारावर फलक लागावा तो कृषी अधिकाऱ्याकडे नेण्याच्या निवेदनाचा.

वस्त्र हा कधी काळी सरकारच्याही धोरणाचा विषय होता. १९६० व ७० च्या दशकांत गिरण्यांवर काही प्रमाणात स्वस्त कापड काढण्याचे बंधन होते. ‘कंट्रोलचे कापड’ आणि पुढे ‘जनता साडी’ हे शब्द त्या काळच्या घरांना परिचित होते. प्रत सामान्य असे, रंग उतरे, रांगा लागत. पण धान्य, रॉकेल आणि कापड या तिन्हींवर गरिबाचा हक्क आहे, हे तत्त्व त्यात मान्य केलेले होते. पुढे ते निसटले. अलीकडे साडी परत आली आहे ती वेगळ्या वेषात. राज्याच्या २०२३ च्या वस्त्रोद्योग धोरणानुसार अंत्योदय शिधापत्रिका असलेल्या कुटुंबाला वर्षाला एक साडी देण्याचे ठरले आणि २०२४ च्या प्रारंभी रेशन दुकानांतून तिचे वाटप सुरू झाले. तो निवडणुकीचा हंगाम होता. पालघर जिल्ह्यातील जव्हार भागात आदिवासी स्त्रियांनी त्या साड्या तहसील कार्यालयात नेऊन परत केल्या. साडी आम्ही विकत घेऊ, आम्हाला काम द्या, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. महाडचा वारसा कोठे कोठे पोहोचला आहे, त्याचे हे उदाहरण आहे. शाळेच्या गणवेशाचीही तीच गत झाली. २०२४-२५ मध्ये संपूर्ण राज्यात एकाच ठिकाणाहून कापड घेऊन एकसारखे गणवेश देण्याचा घाट घातला गेला, कित्येक मुलांना स्वातंत्र्यदिन उलटला तरी गणवेश मिळाला नाही, आणि अखेर ते काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवावे लागले. गावाला गावातल्या मुलांची मापे ठाऊक असतात, एवढी साधी गोष्ट मंत्रालयाला समजण्यास एक शैक्षणिक वर्ष लागले.

सरकारने जुन्या वस्तूंकडेही लक्ष दिलेले आहे. पण कोणत्या खात्यातून? २०२३ च्या मे महिन्यात स्वच्छ भारत अभियानाखाली देशभरातील नगरपालिकांना जुन्या वस्तू जमा करण्याची केंद्रे उघडण्यास सांगण्यात आले. वापर कमी करा, पुन्हा वापरा, पुनर्चक्रण करा, अशी त्यामागची त्रिसूत्री. कल्पना वाईट नाही. मात्र तिच्या मुळाशी कचऱ्याची चिंता आहे, माणसाची नाही. कचराभूमीवरचा भार किती टनांनी हलका झाला याची नोंद होते. कोणाच्या घरात पहिल्यांदा खुर्ची आली याची होत नाही. पर्यावरणदिन पार पडला की पुष्कळ ठिकाणी असे उपक्रम थंडावतात, कारण ते परिपत्रकाने जन्मलेले असतात. एकच लुगडे नगरपालिकेच्या दृष्टीने घनकचरा असते, देवस्थानाच्या दृष्टीने पुण्य असते, राजकीय पुढाऱ्याच्या दृष्टीने मत असते. शेजाऱ्यांच्या दुकानात ते केवळ लुगडे असावे.

मग हे दुकान भिंतीहून वेगळे कशात? पहिला फरक असा की, भिंतीला जबाबदार माणूस नसतो. तेथे कोणी फाटक्या चड्ड्या आणि एकेरी चपला आणून टाकतो, कोणी रात्री येऊन सगळे चांगले उचलून जुन्या बाजारात विकतो, पहिला वळवाचा पाऊस येतो आणि उरलेल्याचा चिखल होतो. काही महिन्यांत भिंत उकिरडा होते आणि जाणारा-येणारा म्हणतो, या लोकांना किंमतच नाही. दुकानात मात्र कोणीतरी बसते. आलेली वस्तू हातात घेऊन पाहिली जाते, बटण तुटले असेल तर लावले जाते, कुकरची शिट्टी आणि पंख्याची तार तपासली जाते, आणि जे वापरण्याजोगे नाही ते देणाऱ्याला तेथल्या तेथे परत केले जाते. हा शेवटचा भाग सर्वांत अवघड आणि सर्वांत महत्त्वाचा आहे. तुमच्या मुलाच्या अंगावर जे चढवाल तेवढेच येथे घेतले जाईल, असे देणाऱ्याला तोंडावर सांगण्याचे धैर्य स्वयंसेवकात असावे लागते. दान नाकारण्याचा अधिकार ज्या दिवशी दुकानाकडे येतो, त्या दिवशी देणारा आणि घेणारा यांच्यातील उंची निम्मी कमी होते.

दुसरा फरक, तेथे कोण बसते यात आहे. बहुतेक सेवाकार्यांत गल्ल्याच्या अलीकडे एक वर्ग असतो आणि पलीकडे दुसरा. निवृत्त शिक्षक, दुकानदार, वकील, डॉक्टर हे विश्वस्त. मोलकरीण, हमाल, पारधी बेड्यावरची बाई ही घेणारी. ही रचना कायम ठेवून केलेले कोणतेही समतेचे भाषण व्यर्थ आहे. जिने मागच्या महिन्यात सतरंजी नेली ती या महिन्यात दोन तास कपड्यांच्या घड्या घालायला बसली पाहिजे, आणि कार्यकारी समितीच्या निम्म्या जागा नेणाऱ्यांकडे असल्या पाहिजेत. तिला हे काम जमेल का, अशी शंका घेणारे भेटतील. वस्तुतः कोणत्या वस्तूची गरज किती, कोणते कापड वेचणीत टिकते आणि कोणते काट्याला अडकून आठ दिवसांत फाटते, हे तिच्याइतके त्या विश्वस्तांपैकी एकालाही ठाऊक नसते. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी १९२५ मध्ये भेटवस्तूंवरील आपल्या निबंधात दाखवून दिले की, देणे, घेणे आणि परतफेड करणे ही एकच साखळी आहे. परतफेडीची वाट बंद असेल तर भेट घेणाऱ्याला खाली ढकलते. श्रमाने परतफेड करण्याची वाट दुकान मोकळी ठेवू शकते.

याच मुद्द्यावर ‘गूंज’ या संस्थेचा अनुभव पाहण्यासारखा आहे. अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये दिल्लीत सुरू केलेल्या या संस्थेने शहरातील जुने कपडे खेड्यांत नेले, पण फुकट वाटण्याचे टाळले. गावाने आपली गरज आपणच ठरवायची, विहीर उपसायची, रस्ता करायचा, बांध घालायचा, आणि त्या श्रमाचा मोबदला म्हणून कपडे घ्यायचे, अशी पद्धत तिने बसवली. गुप्ता यांना २०१५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या पद्धतीत स्वाभिमान राखला जातो हे निर्विवाद आहे. मात्र महाराष्ट्रातील समाजवाद्यांना येथे एक प्रश्न विचारणे भाग आहे. रोजगार हमीचा कायदा ज्या राज्याने १९७७ मध्ये देशात सर्वप्रथम केला, तेथे रस्त्याच्या आणि बांधाच्या कामाचा मोबदला रोख मजुरी हाच असला पाहिजे. जुन्या सदऱ्यावर सार्वजनिक काम करून घेण्याची सवय प्रशासनाला लागली तर ती महागात पडेल. म्हणून श्रमाची परतफेड दुकानातल्या दुकानात, घड्या घालण्यापुरती आणि शिलाईयंत्रापुरती असावी. गावाच्या रस्त्यापर्यंत तिने जाऊ नये.

वस्तू फुकट द्यावी की नाममात्र किमतीला, यावर अशा ठिकाणी नेहमी वाद होतो. पुण्यात हमाल पंचायतीने १९७४ मध्ये बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली ‘कष्टाची भाकर’ सुरू केली तेव्हा अन्नछत्र उघडणे सोपे होते. तसे केले गेले नाही. ना नफा ना तोटा या दराने भाकरी-भाजी मिळू लागली आणि हमाल पैसे मोजून, बाकावर बसून, आवडले नाही तर तक्रार करून जेवू लागला. गिऱ्हाईकाला तक्रार करता येते. याचकाला येत नाही. या न्यायाने दुकानात पाच-दहा रुपयांची किंमत असणे बरे, असे वाटते. परंतु यवतमाळच्या एखाद्या कोलाम पोडावर जूनमध्ये, पेरणीच्या तोंडाशी, दहा रुपयेही नसतात, हेही तितकेच खरे. यातून निघणारा मार्ग अनेक ठिकाणी सुचतो तो असा: दाराशी झाकणाची पेटी ठेवावी, ज्याला जमेल त्याने जमेल तेवढे टाकावे, कोणी किती टाकले ते कोणी पाहू नये. पेटीत जमेल त्यात विजेचे देयक आणि दोऱ्याची रिळे निघाली तरी पुष्कळ झाले. मात्र नेणाऱ्याचे नाव, जात, शिधापत्रिकेचा रंग यांची नोंद कोठेही होता कामा नये. आणि छायाचित्र तर मुळीच नको! घोंगडे पांघरवताना पुढाऱ्याने कॅमेऱ्याकडे पाहावे आणि म्हाताऱ्याने जमिनीकडे, हे दृश्य महाराष्ट्राने पुरेसे पाहिले आहे.

या साऱ्यात एका व्यक्तीचा विसर पडतो, ती म्हणजे बोहारीण. डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन दारोदार फिरणारी, चार साड्या आणि एका पँटवर एक पातेले देणारी, दुपारच्या वेळी घासाघीस करणारी ही बाई गेली शंभरावर वर्षे शहरातला जुना कपडा गरिबापर्यंत पोहोचवीत आली आहे. तिच्या व्यवहारात दया नव्हती आणि म्हणूनच अपमानही नव्हता. स्टीलच्या गंजासाठी भांडणारी गृहिणी आणि ती, दोघी बरोबरीने बसत. आज कोणी आपले कपाट रिकामे करून सगळे ‘समाजकार्याला’ देऊन टाकतो तेव्हा तिच्या पोटावर पाय येतो, हे त्याच्या गावीही नसते. भंगारवाल्याचे, कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या बाईचेही तसेच. पुण्यात १९९३ मध्ये कचरावेचकांची पंचायत उभी राहिली तेव्हाच हे स्पष्ट झाले होते की, टाकलेल्या वस्तूवर कोणाची तरी उपजीविका असते आणि तिला पर्यावरणाच्या नावाखाली हुसकावणे हा अन्याय आहे. शेजाऱ्यांच्या दुकानाने या स्त्रियांना प्रतिस्पर्धी न मानता सभासद करावे. न खपलेला कपडा त्यांना द्यावा, आणि कोणता माल टिकाऊ याची पारख त्यांच्याकडून शिकावी.

दुकानात एक फळी अशीही असावी जिच्यावरच्या वस्तू न्यायच्या आणि परत आणायच्या. ही रीत महाराष्ट्राच्या खेड्यांना नवी नाही. लग्नाकार्याची मोठी पातेली, पराती, कढया, सतरंज्या वर्गणीतून घेऊन समाजमंदिरात किंवा बुद्धविहारात ठेवण्याची चाल कितीतरी गावांत आहे. लग्न असलेल्या घराने न्यावे, घासूनपुसून परत ठेवावे, एखादे बोचले तर भरून द्यावे. ती भांडी कोणाच्या मालकीची असे विचारले तर उत्तर येते, गावाची. समाजवादाच्या परिभाषेत ज्याला सामाजिक मालकी म्हणतात ती येथे पितळेच्या कोपरावर कोरलेल्या अक्षरांत वाचायला मिळते. तिच्यात भर घालायला हवी ती आजच्या गरजांची: चाकाची खुर्ची, कुबड्या, आजाऱ्याची खाट, बाळंतिणीची शेगडी, शिलाईयंत्र, शिडी. सरकारी रुग्णालयातून पाय मोडून घरी आलेल्या मजुराला तीन महिन्यांसाठी कुबड्या लागतात. त्या विकत घेऊन पुढे आयुष्यभर आढ्याला टांगून ठेवण्यात काय अर्थ आहे? येथे कोणाचेही उतरलेले कोणी घालीत नाही. येथे वस्तू सर्वांची असते आणि पाळी येईल त्याची होते. जुन्या वस्त्रांचा इतिहास जितका बोचरा, तितकी ही सामायिक भांड्यांची परंपरा निर्मळ आहे; आणि दुकान उभे करताना सुरुवात हिच्यापासून करावी, कपड्यांपासून करू नये.

हे सगळे करून शेतमालाचा भाव वाढणार नाही, कर्ज फिटणार नाही, गिरण्या सुरू होणार नाहीत, असा आक्षेप उरतोच. तो खरा आहे आणि त्याला उत्तर देण्याची घाई करू नये. गाडगेबाबांनी पंढरपूर, आळंदी, नाशिक येथे धर्मशाळा बांधल्या आणि मुंबईत रुग्णांच्या नातेवाइकांना निवारा मिळावा म्हणून खटपट केली. त्यामुळे दारिद्र्य गेले नाही. परंतु ज्याला रात्री टेकायला जागा मिळाली त्याला उद्याच्या मोर्च्याचे निमंत्रण देता आले. विनोबांनी दानाचा अर्थ समान वाटणी असा लावला आणि भूदानाच्या यात्रेत लाखो एकरांचे संकल्प मिळवले. त्यातली पुष्कळ जमीन पडीक निघाली, पुष्कळ कागदावरच राहिली, कारण देणाऱ्याच्या सद्भावनेवर सर्व भिस्त होती आणि घेणाऱ्यांची संघटना नव्हती. शेजाऱ्यांच्या दुकानापुढे हे दोन्ही अनुभव आहेत. आठवड्यातून तीनदा जेथे मोलकरणी, हमाल, आशाताई आणि शिक्षिका एकाच टेबलाभोवती बसून कपडे निवडतात, तेथे किमान वेतनाचा विषय निघतो, रेशनवर कमी मिळालेल्या तांदळाचा निघतो, कोणाच्या नवऱ्याने काय केले त्याचाही निघतो. पक्षकार्यालयात बोलावलेल्या सभेला यांतल्या चौघीही आल्या नसत्या.

जागेचा प्रश्न यवतमाळ जिल्ह्यात तरी अवघड असू नये. तालुक्याच्या गावी ओस पडलेल्या सहकारी गोदामांची, बंद शाळाखोल्यांची वाण नाही. एखादी खोली नगरपरिषदेकडून वा खरेदी-विक्री संघाकडून मागून घेता येईल, आणि भाडे म्हणून वर्षाला एक रुपया लिहून देण्याचा आग्रह धरावा, म्हणजे उद्या ती मेहेरबानी ठरणार नाही. दारावर कोणाही दात्याचे नाव नको. दुकान सकाळी दहा ते पाच उघडे ठेवण्याची चूकही करू नये, कारण त्या वेळी जिला यायचे आहे ती कोणाच्या तरी वावरात निंदणाला किंवा वेचणीला असते. संध्याकाळी सहा ते नऊ, आणि आठवडी बाजाराच्या दिवशी दुपारपासून, ही वेळ बरी. दसऱ्याच्या आधी, पुसद-महागावच्या तांड्यांवरून ऊसतोडीचे ट्रक निघण्यापूर्वी, ताडपत्र्या, पाण्याच्या कॅन, मुलांचे स्वेटर आणि झाकणाचे डबे फळ्यांवर आलेले असावेत; आणि परत आल्यावर कोणी काय आणून ठेवायचे, ते त्याच बायकांनी जाण्यापूर्वी ठरवून जावे.